रेती कुठली, हे घेणाऱ्यानेच विचारायला हवं

रेतीघाटावर टिप्पर पकडला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. गाडीचा नंबर, किती ब्रास रेती, दंड किती, कोणत्या पथकाने पकडला, सगळं छापून येतं. ती गाडी पकडली गेली नसती तर माल कोणाच्या बांधकामावर उतरला असता, हे मात्र त्या बातमीत नसतं. भंडारा घ्या, चंद्रपूर घ्या, यवतमाळ घ्या, नाहीतर नागपूर ग्रामीणमधली बातमी काढा. चोरणारा दिसतो, पकडणारा दिसतो, घेणारा दिसत नाही. रेती, मुरूम, गिट्टी आणि विटांचा प्रश्न सोडवायचा असेल तर या घेणाऱ्याला आधी पुढे आणावं लागेल, असं माझं ठाम मत आहे. एकटादुकटा घेणारा पुढे येणार नाही, कारण त्यात त्याचं नुकसान आहे. म्हणून सगळ्या घेणाऱ्यांनी मिळून काही गोष्टी ठरवायला हव्यात.

आता हा घेणारा कोण? आपल्याला वाटतं, शहरातला बिल्डर. विदर्भाच्या खेड्यात तसं नाही. इथला सगळ्यात मोठा घेणारा म्हणजे सरकारच. सिमेंट रस्ते, नाल्या, शाळाखोल्या, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या, पांदण रस्ते आणि घरकुलं, गावात जे काही उभं राहतं त्यातलं बहुतेक सरकारी पैशांतून राहतं. म्हणजे ज्या नदीची लूट थांबवायला तहसीलदार रात्री पथक पाठवतो, त्याच नदीची रेती त्याच तालुक्यातल्या सरकारी कामावर सकाळी पडलेली असू शकते.

यात एक कागदी व्यवहार आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कामाचं बिल काढताना ठेकेदाराने गौण खनिजाच्या, म्हणजे रेती, मुरूम, गिट्टी यांच्या, रॉयल्टीच्या पावत्या जोडायच्या असतात. पावत्या नसल्या तर वापरलेल्या मालावरची रॉयल्टी बिलातून कापायची आणि बाकीचे पैसे द्यायचे, ही बांधकाम खात्यांतली जुनी चाल आहे. तिजोरीत पैसे जमा झाले, हिशेब जुळला, फाइल बंद. माल कुठल्या घाटातून आला, तो घाट लिलावात सुटला होता का, उपसा दिवसा झाला की रात्री, हे विचारायची जागाच त्या फाइलमध्ये नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे विनापरवाना काढलेल्या खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तोच माल भिंतीत बसला, स्लॅबमध्ये गेला, की कार्यालयात नुसती रॉयल्टी कापून भागतं. घाटावर जो गुन्हा होता, तो बिलात साधी वजावट होऊन जातो. ही वाट उघडी आहे तोवर घाटावर कितीही पथकं बसवली तरी टिप्पर थांबणार नाहीत, कारण मालाला गिऱ्हाईक पक्कं आहे आणि गिऱ्हाइकाला कसलाही धोका नाही.

नदीचं काय होतं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. वैनगंगेच्या, कन्हानच्या किंवा वर्धेच्या काठावरच्या माणसाला रेतीचं महत्त्व सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात धार आटली तरी पात्रात हातभर झिरा खोदला की पाणी लागायचं. ते पाणी रेतीने धरून ठेवलेलं असायचं. दिवाळीनंतर पाणी उतरलं की ढिवरांची कुटुंबं पात्रात डांगरवाड्या लावायची. रेतीत खड्डे करून त्यात शेणखत भरायचं, बी टोवायचं, वेलाला घागरीने पाणी घालायचं, आणि उन्हाळ्यात डांगरं नि टरबुजं डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. पोकलेनने पात्र खरवडून खालची चिकण माती उघडी पडली की वाडी लागत नाही. पाणी मुरत नाही, ते वरून वाहून जातं आणि मागे डबकी उरतात. नळयोजनेची विहीर पात्रात असते. तिच्या भोवतालची रेती गेली की मार्चमध्येच मोटार हवा ओढायला लागते. मग त्याच गावाला टँकर. पुलाचे पाये उघडे पडतात, काठ ढासळतो, काठाला लागून असलेलं वावर दरवर्षी थोडं थोडं नदीत जातं. या नुकसानाची किंमत कुठल्याच लिलावात धरलेली नसते.

सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान, 5 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. त्यानंतर केंद्राने 2016 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये रेती उपशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. उपसा 3 मीटरपर्यंत किंवा पाण्याच्या पातळीपर्यंत, यातलं जे कमी असेल तिथवरच, पावसाळ्यात बंद, आधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल, मगच घाट. कागदावरचे नियम वाईट नाहीत. राज्यानेही महाखनिज प्रणाली आणली, वाहतूक परवाना ऑनलाइन झाला, गाड्यांना जीपीएस आलं. तरी एका टीपीवर, म्हणजे वाहतूक परवान्यावर, चार खेपा मारायच्या, ही युक्ती घाटावरच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. या नियमांचं सगळं लक्ष काढणाऱ्यावर आणि वाहणाऱ्यावर आहे. अंधारात, नदीत, दोन कोतवाल आणि एक तलाठी घेऊन ते पाळून घ्यायचे आहेत. कित्येक महसूल कर्मचाऱ्यांनी यात मार खाल्ला, काहींच्या अंगावर गाड्या घातल्या गेल्या. याउलट बांधकाम उजेडात असतं, एका जागी असतं, महिनोन्महिने चालतं. तिथे जाऊन ‘पावती दाखवा’ म्हणायला पोलीस बंदोबस्त लागत नाही.

मग ठेकेदार पावती का आणत नाही? सगळे बदमाश आहेत म्हणून, असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरं नाही. घाट वेळेवर सुटत नाहीत. मंजुऱ्या रखडतात, लिलावाला बोली येत नाही, आणि इकडे मार्चअखेर काम पूर्ण करायचं असतं. त्यात निविदा मिळवायला इस्टिमेटपेक्षा बरंच खाली जाऊन भाव भरलेला असतो. जो रीतसर रेती धरून भाव भरतो त्याला काम मिळत नाही, जो चोरीची रेती धरून भरतो त्याला मिळतं. एखादा सरळमार्गी ठेकेदार दोन-तीन निविदा हरला की चौथ्या वेळी तोही तसाच भाव भरतो. त्याला नीतीचे धडे देऊन उपयोग नाही. सगळ्यांना एकच अट लागली तर त्याचा सरळपणा त्याच्या अंगाशी येणार नाही, इतकंच करता येतं, आणि तेच केलं पाहिजे.

जगात दुसरीकडे या प्रश्नाला याच बाजूने हात घातला गेला. ब्रिटनमध्ये बांधकाम साहित्य जबाबदारीने मिळवलं आहे की नाही हे तपासायचं बीईएस 6001 नावाचं मानक आहे. 2012 मध्ये तिथल्या मोठ्या बांधकाम कंपन्यांनी, ज्या एरवी एकमेकींच्या निविदा हिसकावतात, मिळून सप्लाय चेन सस्टेनेबिलिटी स्कूल सुरू केलं. प्रत्येक कंपनीने पुरवठादाराला वेगळे फॉर्म आणि वेगळ्या अटी द्यायच्या, त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्याला शिकवायचं, तेही फुकट, हा त्यामागचा विचार. ते जसंच्या तसं इथे आणा, असं मी म्हणत नाही. तिथला पुरवठादार म्हणजे कंपनी. इथला पुरवठादार म्हणजे धानाच्या एका हंगामावर घर चालत नाही म्हणून हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेला पंचविशीचा पोरगा. रात्री घाटात उतरणारा तोच, पकडला जाणारा तोच, आणि ट्रॅक्टर जप्त झाला की बँकेचा तगादाही त्याच्याच मागे. त्याच्यामागे जो मोठा टिप्परवाला आहे, तो क्वचितच सापडतो. या पोराला दिवसाच्या, पावतीच्या, ठरल्या भावाच्या खेपा मिळाल्या तर तो रात्री का जाईल?

आपल्याच मातीत याची उदाहरणं आहेत आणि ती मला जास्त मोलाची वाटतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली बांबूवरचा हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आधी परवाना वनखात्याचा, माल ठेकेदाराचा आणि गावाला फक्त मजुरी, अशी रीत होती. परवाना ग्रामसभेकडे आल्यावर माल किती तोडायचा, कोणाला विकायचा, नोंद कुठे ठेवायची हे गाव ठरवू लागलं आणि घेणाऱ्याला गावात यावं लागलं. माल कुठला आहे हे सांगणारा कागद गावाने फाडलेला असला की त्या कागदाला वेगळंच वजन येतं.

दुसरं उदाहरण बुलढाण्याचं. महामार्गाच्या भरावाला मुरूम आणि माती लागते. ती टेकड्या पोखरून आणण्याऐवजी गावतलाव खोल करून, नाले रुंद करून काढायची, म्हणजे रस्त्याला भराव मिळतो आणि गावाला पाणीसाठा. बुलढाणा पॅटर्न म्हणून हे ओळखलं जातं. यात रस्त्याचं खातं, ठेकेदार, जलसंधारणवाले आणि गाव एका टेबलावर बसले, एवढंच झालं. ते बसले नसते तर तोच मुरूम कुठल्यातरी गायरानातून किंवा ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीतल्या, टेकडीतून रात्रीतून गेला असता. पूर्व विदर्भात गाळाने भरलेले कितीतरी मामा (माजी मालगुजारी) तलाव खोलीकरणाची वाट पाहत पडले आहेत. तिथला सगळा माल भरावाच्या कामाचा नसतो हे खरं. गाळ शेतात टाकावा आणि खाली मुरूम लागला तर तो रस्त्याला द्यावा. पण हे रस्त्याचं इस्टिमेट करतानाच ठरवावं लागतं. नंतर सुचलं तर उपयोग नाही.

रेतीच्या बाबतीत अनुसूचित क्षेत्रातल्या गावांकडे एक जास्तीचं हत्यार आहे. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. गडचिरोलीचा बराच भाग, मेळघाट, यवतमाळ आणि चंद्रपूरचे काही तालुके त्यात येतात. बाकीच्या गावांना एवढं कायद्याचं बळ नाही. पण ती गावं घेणारी आहेत हे बळ त्यांच्याकडे आहेच, आणि ते अजून कोणी वापरून पाहिलेलं मला दिसत नाही.

घाट लिलावाला विरोध करणारा ठराव ग्रामसभेत एकमताने मंजूर होतो. चांगलं आहे. त्याच ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्यावर पडलेल्या रेतीच्या ढिगाची टीपी मात्र कोणी विचारत नाही. माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक कामाच्या फलकावर, जिथे कामाचं नाव, रक्कम आणि ठेकेदार लिहिलेला असतो, तिथेच रेती कोणत्या घाटाची, गिट्टी कोणत्या खाणीची, टीपी नंबर काय, हे लिहावं. पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि बांधकाम विभाग यांनी निविदेतच अट घालावी की पावतीशिवाय मालाचं मोजमाप होणार नाही. पावती नसल्यास रॉयल्टी कापण्याचा पर्याय काढूनच टाकावा. जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांनी हे एकाच दिवसापासून केलं पाहिजे. एका खात्याने केलं आणि दुसऱ्याने नाही, तर माल दुसऱ्या दारी जाईल.

हीच गोष्ट नदीच्या दोन काठांची. वर्धेच्या एका बाजूला यवतमाळ आहे आणि दुसऱ्या बाजूला वर्धा नि पुढे चंद्रपूर. वैनगंगेच्या एका काठावर चंद्रपूर, दुसऱ्या काठावर गडचिरोली. पैनगंगेपलीकडे तर कुठे मराठवाडा आहे आणि कुठे तेलंगण. पथकाची हद्द नदीच्या मध्यात संपते, नदीची संपत नाही. या काठाला पथक आलं की टिप्पर त्या काठाने चढतात. समोरासमोरच्या गावांमध्ये रोटीबेटीचे व्यवहार आहेत, जत्रा एकत्र होतात. मग घाटाबद्दल दोन्ही ग्रामपंचायतींनी एकत्र बसून एकच भूमिका का घेऊ नये?

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो वजनदार आहे: गरिबाच्या घरकुलाचं काय? सपाट भागात घरकुलाला केंद्राच्या योजनेचे 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. त्यात घाट बंद असताना रेतीचा भाव कडाडला की पाया घातलेला असतानाच पैसे संपतात. घरकुल बांधणाऱ्या बाईला ‘पावतीचीच रेती घ्या’ म्हणणं म्हणजे घर बांधू नका म्हणण्यासारखं आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही. राज्याने 2023 मध्ये शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने रेती द्यायचं धोरण आणलं, ते नीट चाललं नाही. 2025 च्या धोरणात लिलाव परत आले आणि घरकुलाला 5 ब्रासपर्यंत रेती मोफत द्यायचं ठरलं. रेती मोफत असली तरी ती घाटावर असते, घरी नसते; वाहतूक करायची आहे, कागद काढायचा आहे, आणि एकट्या बाईने तहसीलमध्ये चार चकरा मारायच्या आहेत. गावातल्या मंजूर घरकुलांची एकच यादी करून ग्रामपंचायतीने एकत्र मागणी केली, उपशाचे दिवस ठरवले, गावातल्याच ट्रॅक्टरवाल्यांना ठरल्या भाड्याने खेपा वाटून दिल्या, तर ही रेती खरंच पोचते. हे काम बचत गटांच्या बायकांकडे द्यावं. हिशेब ठेवायची त्यांना सवय आहे.

नदीच्या रेतीची मागणीच कमी करणं हा दुसरा रस्ता, आणि तिथे मिस्त्री भेटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 च्या अहवालात म्हटलंय की जग दरवर्षी सुमारे 50 अब्ज टन रेती आणि खडी वापरतं. नद्या इतकी रेती परत भरू शकत नाहीत. पश्चिम विदर्भात काळा पाषाण भरपूर आहे, त्यापासून एम-सँड, म्हणजे दगड फोडून यंत्रावर घडवलेली रेती, करता येते, आणि सरकारी कामांत ती वापरायची सक्ती वाढत जाणार आहे. पण इंजिनिअरने कागदावर लिहिलं म्हणून ती भिंतीत जात नाही. एका शाळाखोलीच्या कामावर मी मिस्त्रीकाकांना विचारलं. ते उठले, ढिगातला पसाभर माल घेऊन मुठीत दाबला, मूठ उघडली आणि तळहात माझ्यासमोर धरला. पांढुरकी भुकटी रेषांमध्ये बसली होती. ‘‘हे रेती नोहे भाऊ, चुरी आहे. याचं प्लास्टर फाटते. मग मालक मलेच बोलते.’’ त्यांचं चुकलं नव्हतं. क्रशरवर गिट्टी फोडताना पडलेली चुरी एम-सँड म्हणून उतरवली गेली होती. खरी एम-सँड वेगळ्या यंत्रावर घडवतात, चाळतात, भुकटी काढतात. हा फरक मिस्त्रीला मुठीत कळतो आणि बिल पास करणाऱ्याला कळत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी मिस्त्रींना बोलावून, त्यांच्या हाताने दोन्ही मालांच्या नमुन्याच्या भिंती बांधून घ्याव्यात आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी. गावात घर बांधताना लोक मिस्त्रीचं ऐकतात. त्याला सोबत घेतल्याशिवाय कुठलंही धोरण प्लास्टरपर्यंत पोचणार नाही.

विटांचं थोडक्यात सांगतो. लाल विटेची माती वावरातून येते, वरचा कसदार थर जातो. भट्टीवर विटा पाडणारं कुटुंब उचल घेऊन आलेलं असतं आणि लेकरं शाळेऐवजी विटा उलटवत असतात. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, ही तीच वेठ आहे. याच विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा, तिरोडा, पारस इथल्या औष्णिक केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. त्यांच्यापासून 300 किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राख आणि राखेच्या विटा वापराव्यात असा केंद्राचा नियम आहे, आणि जवळजवळ सगळा विदर्भ त्या टप्प्यात येतो. ती राख वापरली गेली नाही तर कुठे जाते हे जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा कोलार आणि कन्हानच्या काठाने पाहिलं. तरी खेड्यातली शाळाखोली लाल विटेचीच बांधली जाते, कारण राखेची वीट गावापर्यंत आणून देणारा कोणी नाही. दहा गावांनी मिळून मागणी नोंदवली तर ट्रक येतो. एका गावासाठी येत नाही.

ग्रामपंचायतीवर एवढा भरवसा टाकता, पण सदस्यांचेच ट्रॅक्टर घाटावर असतात, असंही लोक म्हणतात. असतात. म्हणून मी सदस्यांच्या सद्भावनेवर काहीच सोपवत नाहीये. टीपी नंबर चौकातल्या फलकावर लिहिला आणि तो महाखनिजवर तपासता येत असला, की गावातला कुठलाही बारावी झालेला मुलगा मोबाइलवर तो पाहू शकतो. एकाच नंबरवर चार ढीग उतरले तर तेही दिसेल.

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा अंतिम करण्याआधी 21 दिवस जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. कुठला घाट किती खोल उपसायचा हे त्यातच ठरतं. त्यावर हरकती पाठवणारी गावं बोटांवर मोजण्याइतकी असतील. घाटांचे उपसे पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत तीन विषय घ्यावेत: आपल्या घाटावरची हरकत किंवा संमती, घरकुलांच्या रेतीची एकत्र मागणी, आणि यंदाच्या प्रत्येक कामाच्या फलकावर टीपी नंबर. विषयपत्रिका निघण्याआधी तसं पत्र ग्रामपंचायतीत द्यावं आणि पोच घ्यावी. समोरच्या काठावरच्या गावालाही त्याची एक प्रत पाठवावी.